ट्रॅक्टर शिकताना पहिला धडा थांबण्याचा

ट्रॅक्टर शिकण्यासाठी पीक निघून गेलेले, विहीर आणि बांधापासून लांब असलेले सपाट रान निवडावे, आणि पेरणीची घाई सुरू होण्याआधीचे दिवस गाठावेत. अनुभवी चालक जवळ असावा, मात्र मडगार्डवर कोणालाही बसू देऊ नये, कारण तेथून घसरलेला माणूस थेट मागच्या चाकाखाली जातो.

चालू करण्यापूर्वी डिझेल, रेडिएटरमधील पाणी आणि इंजिन ऑइलची पातळी रोज पाहावी. त्यानंतर इंजिन बंद कसे होते, हे आधी शिकावे. अनेक ट्रॅक्टरांत चावी फिरवली तरी इंजिन चालूच राहते. डिझेल तोडणारा खटका ओढावा लागतो. घाबरलेल्या क्षणी हात आपोआप त्या खटक्यावर गेला पाहिजे, म्हणून ही कृती दहा-वीस वेळा करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

डाव्या पायाखाली क्लच आणि उजव्या पायाखाली दोन ब्रेक असतात. शेतात कमी जागेत वळता यावे म्हणून प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक दिलेला असतो. परंतु वेगात एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जाऊन उलटू शकतो. नवशिक्याने दोन्ही पॅडल खटक्याने जोडूनच चालवावे, आणि रस्त्यावर तर अनुभवी माणसानेही ते सुटे ठेवू नयेत.

गिअर न्यूट्रलमध्ये आणि पीटीओ (इंजिनची शक्ती अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा) बंद आहे याची खात्री करून इंजिन चालू करावे, लो रेंजमधील (कमी वेगाच्या टप्प्यातील) दुसरा गिअर टाकावा, हाताची रेस थोडी वाढवावी आणि क्लच सावकाश सोडावा. नंतर पाय क्लचवर टेकवून ठेवू नये. त्याने क्लच प्लेट लवकर झिजते. उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करू नये. भरलेली ट्रॉली मागे असेल तर उतार लागण्याआधीच कमी गिअर घ्यावा.

मोकळा ट्रॅक्टर सरळ चालू लागला, म्हणजे कल्टिव्हेटर (जमीन मोकळी करणारे फणांचे अवजार) जोडावा. आधी डावा खालचा दांडा, मग उजवा, शेवटी टॉपलिंक (वरचा मधला दांडा) हा क्रम ठेवावा. सोडताना तो उलटा करावा. वाफसा (मशागतीला योग्य ओल) असलेल्या जमिनीत पाळी घालताना नजर बॉनेटवर न ठेवता समोरच्या बांधावरील एखाद्या झाडावर ठेवली, तर तास सरळ जातो. टोकाला आल्यावर रेस कमी करावी, फण पूर्ण उचलावेत आणि मगच वळावे. फण जमिनीत असताना वळल्यास ते वाकतात आणि दांड्यांवर ताण येतो.

रोटाव्हेटरला (पीटीओवर चालणाऱ्या, फिरत्या पात्यांच्या अवजाराला) मात्र पुरेसा सराव झाल्यावरच हात लावावा. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो, आणि उपरण्याचे किंवा साडीचे टोक त्यात गेले तर माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. दांड्यावरील आवरण काढून काम करू नये, आणि पात्यांत अडकलेले गवत पीटीओ व इंजिन दोन्ही बंद करूनच काढावे.

चाके चिखलात रुतली तर रेस वाढवून पुढे रेटू नये. मागची चाके अडकलेली असताना जोर लावल्यास ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि तो एक-दोन सेकंदांत मागे चालकाच्या अंगावर पडू शकतो. अवजार सोडून सावकाश मागे घ्यावे, आणि तरीही तो निघाला नाही, तर इंजिन बंद करून दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट पाहावी.