पिट्युटरीची रक्ततपासणी: सुई टोचण्याआधीची तयारी

पोर अंगावर पीत नसताना दूध येतं, पाळी थांबते. कुणाची अंगठी बोटात रुतते, चप्पल एक नंबर मोठी लागते. कुणाचा चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात. अशा वेळी डॉक्टर मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन तपासायला सांगतात. तिथली गाठ बहुतेकदा कर्करोगाची नसते, तेव्हा आधीच धसका घेऊ नका.

आधी चिठ्ठी वाचा. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारी तपासणी), सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराचं ताणाचं हार्मोन) अशी नावं दिसतील. थायरॉईडसाठी नुसतं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन) लिहिलं असेल तर फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) बद्दल विचारा. पिट्युटरीच बिघडली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतं आणि फ्री टी-४ मात्र कमी निघतं.

मग गोळ्यांचा हिशेब. आमच्या तालुक्याच्या लॅबमध्ये सगळा घोळ इथेच होतो.

"काकू, कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"कोनतीच नाई जी. गॅसची तेवढी एक, सकाळी उपाशीपोटी."

पिशवीतून पाकीट काढायला लावलं, तर त्यावर डॉमपेरिडोन. हे औषध एकट्याने प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतं. लेव्होसल्पिराइड आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्याही तेच करतात. म्हणून रिकामी पाकिटंसुद्धा सोबत आणा. सांधेदुखीच्या पुड्या, गोरं होण्याची क्रीम, ताकदीचं इंजेक्शन यांत स्टेरॉइड असू शकतं. त्याने कॉर्टिसॉलचा आकडा फसवा येतो. पण स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरच ठरवतील. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर तेही सांगा, त्यानेही आकडा चुकू शकतो; साधारण दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर लाजू नका. गरोदरपणात प्रोलॅक्टिन वाढतंच.

वेळ सांभाळा. कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी ८ ते ९ मध्ये द्यायचं. प्रोलॅक्टिनसाठी मात्र उठून दोन-तीन तास झालेले बरे. गावात पाचला उठणाऱ्याचं दोन्ही एकाच सुईत जमतं! अडचण एसटीची. पहिली गाडी दहाला पोचत असेल तर आदल्या रात्री पाहुण्यांकडे मुक्काम करा. धावत येऊन लगेच हात पुढे करू नका, वीस मिनिटं शांत बसा. धावपळीनेही आकडा चढतो. आयजीएफ-१ ला वेळेचं बंधन नाही.

एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) लिहिलं असेल तर मी स्वतः पेशंटला नागपूर किंवा सेवाग्रामला पाठवतो. हे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन लगेच बर्फात ठेवावं लागतं. मे महिन्यात आमच्याकडून निघालेल्या डब्यातला बर्फ कुठवर टिकणार?

रिपोर्ट आला की आकड्याशेजारचं एकक बघा आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. प्रोलॅक्टिन ४०-५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर आलं तर बहुतेकदा आधी पुन्हा तपासतात. २०० च्या वर गेलं तर प्रोलॅक्टिनच्या गाठीचा संशय बळावतो आणि एमआरआय होतो. गाठ मोठी आणि आकडा किरकोळ असं दिसलं तर नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगा. फार जास्त प्रोलॅक्टिन कधीकधी मशीनलाही चकवतं.

आणि अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलट्या झाल्या, नजर अंधुक झाली, तर रिपोर्टची वाट बघू नका. १०८ ला फोन करून त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा.