काळ्या मातीवरचं घर: भेग बुजवायच्या आधी पाणी शोधा

परभणीत आमचं घर १९८९ सालचं. दगडी जोता, विटांच्या भिंती, खाली काळी माती. ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात परसातल्या भेगांत पोरांचा चेंडू जाऊन बसतो. अशा मातीवरचं घर थोडंफार वरखाली व्हायचंच. सगळं एकसारखं झालं तर फारसं बिघडत नाही, पण एक कोपरा ओला आणि बाकीचे कोरडे राहिले की भिंत चिरते.

एवढं कळायला मला दोनदा पैसे घालवावे लागले. न्हाणीजवळच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघाली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या उतरल्यासारखी. सिमेंट भरलं, रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात रंगासकट तीच भेग. तिसऱ्यांदा दुसऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं थापी पिशवीतून काढलीच नाही. न्हाणीमागं गेला, अळवाच्या वाफ्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "गुरुजी, ऐन उन्हाळ्यात हे अळू एवढं हिरवंगार कशानं?"

मोरीचा पाइप जमिनीत फुटला होता. पाणी बारा महिने पायाशी मुरत होतं.

म्हणून भेग दिसली की आधी ती वाचा. दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. आगपेटीची काडी आत जाते का बघा, म्हणजे रुंदीचा अंदाज येतो. मेअखेर, सप्टेंबर आणि जानेवारी असं तीनदा बघा, तोवर भरू नका. गिलाव्यावर जाळ्यासारख्या केसाएवढ्या चिरा असतील तर सोडून द्या. स्लॅबच्या खाली सरळ आडवी भेग बहुतेक वेळा उन्हानं स्लॅब ताणला गेल्याची असते. पावसाळ्यात दार अडकलं तर लाकूड फुगलंय; भर उन्हाळ्यात अडकायला लागलं, तर चौकट तिरकी झालीय का ते ओळंब्यानं तपासा. किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे १९९३ नंतर, आमच्याकडं रेघ दिसली की माणसं अंगणात धावतात. त्यांची भीती समजते, पण प्रत्येक रेघ तसली नसते.

मग पाण्याचा माग काढा. रात्री वरच्या टाकीत पातळीची खूण करा, सगळे नळ बंद ठेवा, सकाळी बघा. पाणी उतरलेलं असलं तर गळती कुठंतरी आहेच. गच्चीचं पाणी तर कुणी मोजतच नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊशे लिटरच्या वर पाणी होतं. ते कोपऱ्यातल्या एका पाइपातून थेट पायाशी सोडायचं म्हणजे पायालाच पाणी पाजणं. खाली एल्बो लावून ते गटारापर्यंत न्या. शोषखड्डा करायचाच तर पायापासून दहा-बारा फूट तरी लांब करा.

घराभोवतीचा कोबा, म्हणजे जोत्यालगतचा काँक्रीटचा पट्टा, हे मुख्य काम. लोक ते मेमध्ये काढतात, मी दिवाळीनंतर काढतो. भेगाळलेल्या कोरड्या मातीवर कोबा केला, तर पहिल्या पावसात खालची माती फुगून तो उचलतो. जोत्यालगत तीन-चार फूट रुंदीत नऊ इंच काळी माती काढा, मुरूम भरून पाणी मारत धुम्मसानं चांगला ठोकून घट्ट करा. वाळू भरू नका, तिच्यात पाणी साचून राहतं. वर जाड प्लॅस्टिक अंथरून कोबा करा. उतार बाहेरच्या बाजूला, दर दोन फुटांना एक इंच. कोबा भिंतीला चिकटवू नका. मध्ये अर्धा इंच फट ठेवून ती डांबरानं भरा. आमच्या शेजाऱ्यांनी फट न ठेवता भिंतीला घट्ट कोबा केला. दुसऱ्या वर्षी तो मधोमध फुटला आणि पाणी नेमकं भिंतीशी जायला लागलं.

घुशींकडं लक्ष ठेवा. जोत्याशी ताज्या मातीचा ढीग दिसला आणि आतली फरशी ठोकल्यावर पोकळ वाजली, तर बीळ काचेचे तुकडे आणि सिमेंटनं गच्च भरा.

पिंपळ-उंबराचं रोप भिंतीत दिसलं की लहानपणीच उपटा. पण घराजवळचं जुनं मोठं झाड एका दिवसात तोडू नका. ते मातीतलं पाणी ओढत असतं. ते गेलं की माती फुगून उलटा त्रास होतो.

भेगेत करंगळी जायला लागली, ती भिंतीच्या आरपार दिसली किंवा तीन तपासण्यांत वाढतच गेली, तर गवंडी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

आमचा मोरीचा पाइप बदलला, कोबा झाला. अळू कुंपणाशी हलवलं. हिचं म्हणणं, तिथं पानं लहान येतात. भेग मात्र दोन पावसाळे तशीच ठेवली. पेन्सिलच्या रेघांपलीकडं ती गेली नाही, तेव्हा कुठं कोंबडीजाळी मारून गिलावा केला.