विकेंद्रित समाजमाध्यमाचे नोंदणी-संकेतस्थळ कसे सुधारावे : मास्टोडॉनच्या निमित्ताने

जॉइनमास्टोडॉन.ऑर्ग या संकेतस्थळावर येणाऱ्या माणसाला खाते उघडायचे असते, पण खाते या संकेतस्थळावर उघडतच नाही. ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली जर्मनीत सुरू केलेले मास्टोडॉन हे ट्विटरसारखे समाजमाध्यम हजारो स्वतंत्र सर्व्हरांचे, म्हणजे खाती आणि पोस्ट सांभाळणाऱ्या संगणकांचे, जाळे आहे. प्रत्येक सर्व्हर वेगळी व्यक्ती किंवा संस्था चालवते, आणि ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीमुळे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो. त्यामुळे नोंदणी-संकेतस्थळाचे खरे काम मध्यस्थाचे असते : अनोळखी माणसाला एखाद्या विश्वासू सर्व्हरच्या दारापर्यंत नेऊन सोडणे. बहुतेक लोक या दोन जागांच्या मधल्या वाटेवरच गळतात, आणि पुढील सूचनाही मुख्यतः त्याच वाटेविषयी आहेत. लेमी (चर्चा), पिक्सेलफेड (छायाचित्रे) किंवा पीअरट्यूब (व्हिडिओ) या अशाच विकेंद्रित माध्यमांच्या नोंदणीपानांवर काम करणाऱ्यांनाही त्यांतील बऱ्याचशा लागू पडतील.

काम हाती घेण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत. एकात नवागताला नंतर सहज बदलता येणाऱ्या गोष्टी लिहाव्यात आणि दुसऱ्यात बदलता न येणाऱ्या. मास्टोडॉनवर खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येते. आपले फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची आणि ब्लॉक केलेल्यांची यादी फाइलच्या रूपाने उतरवून नव्या ठिकाणी चढवता येते. जुन्या पोस्ट मात्र जुन्या सर्व्हरवरच राहतात, खात्याचा पत्ता बदलतो, आणि हे स्थलांतर करायचे तर जुना सर्व्हर त्या वेळी चालू असावा लागतो. सर्व्हर अचानक कायमचा बंद पडला, तर फॉलोअर नेण्याचा मार्गही बंद होतो. हे दोन रकाने समोर ठेवले की संकेतस्थळाची मांडणी बरीचशी आपोआप ठरते. सर्व्हर किती टिकाऊ आहे आणि तेथील देखरेख कशी आहे, ही माहिती आधी दिली पाहिजे. सर्व्हरचा विषय कोणता, त्यावर छायाचित्रकार अधिक आहेत की प्रोग्रामर, हे मागाहून आले तरी चालते, कारण कुठल्याही सर्व्हरवरून कुठल्याही विषयावर लिहिता येते. प्रत्यक्षात सर्व्हरांच्या यादीत विषयाची गाळणी (फिल्टर) ठळकपणे दिसते आणि टिकाऊपणाचा पुरावा शोधावा लागतो.

पहिल्या पानावरचा मजकूर

पहिल्या पडद्यावर तंत्रज्ञानाचा इतिहास नको. नियमावलीचे नाव, स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडणाऱ्या संघीय रचनेचे तत्त्वज्ञान आणि मोठ्या कंपन्यांवरची टीका हा मजकूर खाली, ज्याला रस असेल त्याच्यासाठी ठेवावा. वर दोन-तीन वाक्ये पुरेत : येथे काय करता येते, ते कोण चालवते, पैसे पडतात का, आणि जाहिराती असतात का. सर्व्हर ही कल्पना समजावताना ईमेलचा दाखला देण्याची प्रथा आहे. तो तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असला तरी उपयोगाचा नाही, असे माझे मत आहे. आज बहुतेकांना ईमेलचा पत्ता फोन घेतानाच मिळालेला असतो, त्यामुळे सेवा निवडण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नसतो. त्याऐवजी एक प्रत्यक्ष पत्ता छापावा, त्यातील नावाचा भाग आणि सर्व्हरचा भाग दोन रंगांत दाखवावा, आणि खाली लिहावे की पहिला भाग तुम्ही ठरवाल, दुसरा तुमच्या सर्व्हरवरून येईल, आणि तुम्हाला शोधणाऱ्याला दोन्ही लागतील.

आपणहून सुचवलेला सर्व्हर

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर ट्विटरची मालकी बदलली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मास्टोडॉनवर लोकांचा लोंढा आला. त्यांतील अनेकांनी सर्व्हरांची लांबलचक यादी पाहूनच माघार घेतली, ही तक्रार तेव्हा सर्वत्र ऐकू येत होती. पुढे मे २०२३ मध्ये मास्टोडॉनने आपल्या अधिकृत ॲपांत बदल जाहीर केला : थेट मास्टोडॉन.सोशल या मास्टोडॉनच्याच सर्व्हरवर नोंदणी करण्याचे मोठे बटण, आणि त्याखाली दुसरा सर्व्हर निवडण्याची सोय. यावर जुन्या मंडळींनी आक्षेप घेतला की विकेंद्रित म्हणवणाऱ्या जाळ्यात सगळ्यांना एकाच सर्व्हरवर ढकलणे म्हणजे मूळ हेतूलाच बगल देणे होय.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच उपाय मधला हवा. नवागताला एकच सर्व्हर सुचवावा, पण तो सर्वांना तोच नसावा. त्यासाठी सर्वसाधारण स्वरूपाच्या, नोंदणी खुली असलेल्या आणि किमान अटी पाळणाऱ्या काही सर्व्हरांचा संच करावा. या संचात नाव घालण्यापूर्वी सर्व्हर चालवणाऱ्यांची स्पष्ट संमती घ्यावी, आणि आठवड्याला किती नवी खाती झेपतील हे त्यांनाच ठरवू द्यावे. संचातून निवड करताना वाचकाच्या ब्राउझरने कळवलेली भाषा आणि सर्व्हरची उरलेली क्षमता पाहावी. येथे एक खाचखळगा आहे. पान उघडेल तेव्हा दर वेळी वेगळे नाव दिसू लागले, तर संध्याकाळी परत आलेला माणूस सकाळचा सर्व्हर शोधत बसेल. म्हणून सुचवलेले नाव त्याच्याच ब्राउझरमध्ये साठवून ठेवावे. त्यासाठी आपल्याकडे कोणतीही नोंद ठेवण्याची गरज नाही. सुचवणीखाली कारण एका ओळीत लिहावे, आणि ‘दुसरा सर्व्हर निवडा’ हा दुवा फिकट राखाडी अक्षरांत लपवू नये.

संच बदलण्यासाठी प्रोग्रामरची वाट पाहावी लागता कामा नये. लोंढे बातम्यांवर येतात, आणि बहुधा एका देशातून किंवा एका भाषेतून येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले, तेव्हा भारतातून असंख्य लोक काही दिवसांत मास्टोडॉनवर आले होते. अशा वेळी त्या भागातले सर्व्हर संचात वर आणणे आणि भरलेले सर्व्हर खाली सरकवणे हे काम संपादकाला एका साध्या फाइलीतून काही मिनिटांत करता आले पाहिजे.

सर्व्हरांची यादी

जॉइनमास्टोडॉन.ऑर्गवरील यादीत येण्यासाठी सर्व्हरला मास्टोडॉनचा करारनामा मान्य करावा लागतो. वंशद्वेष, लिंगद्वेष, समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींविषयीचा द्वेष यांविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी यंत्रणेत शिरू शकेल अशी किमान आणखी एक व्यक्ती, आणि बंद करायचे झाल्यास किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना, या त्यातील अटी आहेत. यादीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मास्टोडॉन.टेक्नॉलॉजी हा जुना, भरवशाचा सर्व्हर बंद होणार असल्याचे जाहीर झाले, आणि तेथील लोकांना ऐन लोंढ्याच्या काळात बिऱ्हाड हलवावे लागले. पूर्वसूचनेची अट कशासाठी आहे, हे सांगायला हे एवढे उदाहरण पुरे. तेव्हा या अटी तळटिपेत न टाकता यादीच्या माथ्यावर साध्या वाक्यांत लिहाव्यात.

प्रत्येक सर्व्हरच्या चौकटीत काय असावे? तो कोणत्या वर्षापासून चालू आहे, व्यक्ती चालवते की नोंदणीकृत संस्था, खर्च कसा भागतो, नोंदणी लगेच होते की मंजुरी लागते, आणि मॉडरेटर, म्हणजे तक्रारी पाहून देखरेख करणारे, कोणत्या भाषा वाचतात. एकूण खात्यांचा आकडा काढून टाकावा. तो पाहून लोक सर्वांत मोठ्याकडेच जातात, आणि त्यात वर्षानुवर्षे न उघडलेली खातीही मोजलेली असतात. आकडा द्यायचाच असेल, तर महिन्याभरात सक्रिय असलेल्यांचा द्यावा. सर्व्हरचा पत्ता एखाद्या देशाच्या संकेताक्षरांनी संपणारा असेल, तर यादी तयार करणाऱ्यांनी तेही तपासावे. क्वीअर.एएफ या सर्व्हरचा पत्ता अफगाणिस्तानच्या अखत्यारीतला होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या अधिकाऱ्यांनी तो निलंबित केला. सर्व्हर चालवणाऱ्यांची यात काहीच चूक नव्हती, तरी पत्ता गेला तो गेलाच.

ही माहिती हाताने भरली तर महिन्याभरात शिळी होते. मास्टोडॉनचा प्रत्येक सर्व्हर आपल्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला माहिती देणाऱ्या दारातून, नोंदणी खुली आहे का, मंजुरी लागते का, भाषा कोणत्या आणि नियम कोणते हे जाहीर करतो. नोडइन्फो या सामायिक पद्धतीतून सक्रिय सदस्यांची संख्याही मिळते. दर काही तासांनी ही माहिती गोळा करून स्थिर, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली, पाने बनवावीत. नोंदणी बंद झालेला सर्व्हर यादीतून तात्पुरता काढावा, आणि सलग अनेक वेळा उत्तर न देणाऱ्या सर्व्हरची माणसाने चौकशी करावी. आठ गाळण्या लावून शेवटी बंद दारापुढे उभा राहिलेला माणूस पुन्हा येत नाही.

भाषेचा प्रश्न

भाषेच्या गाळणीत एक गफलत दडलेली आहे. मराठी निवडली आणि यादी रिकामी आली, तर मराठी माणसाचा समज होतो की या जाळ्यावर मराठीला थारा नाही. वस्तुतः मास्टोडॉनवर भाषा प्रत्येक पोस्टला जोडलेली असते आणि कोणत्याही सर्व्हरवर मराठीत लिहिता-वाचता येते. मराठी लिहिणाऱ्याला मराठी सर्व्हरपेक्षा मराठी वाचू शकणाऱ्या मॉडरेटरची गरज अधिक आहे, कारण शिवीगाळीची तक्रार केल्यावर ती वाचणाऱ्याला अर्थ कळला पाहिजे. म्हणून रिकाम्या यादीच्या जागी ‘निकाल नाहीत’ असे लिहून मोकळे होऊ नये. तेथे हा खुलासा द्यावा आणि त्याखाली भारतातले किंवा बहुभाषी देखरेख असलेले सर्व्हर दाखवावेत.

पानांचे भाषांतर झाले म्हणजे काम झाले, असेही नाही. देवनागरीत मात्रा, रफार आणि खालची जोडाक्षरे यांना उभी जागा लागते. लॅटिन लिपीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात वेलांट्या कापल्या जातात. मराठी वाक्ये लांब असल्याने ठरावीक रुंदीच्या बटणांतून मजकूर बाहेर पडतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलेली नसेल, तर अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी पडदावाचक प्रणाली ते हिंदी किंवा इंग्रजी समजून वाचते. भाषांतर करणाऱ्यांना सुटी वाक्ये देण्याऐवजी प्रत्येक वाक्य पानावर कुठे येते याचे चित्र द्यावे, नाहीतर एकच बटण एका पानावर ‘सामील व्हा’ आणि दुसऱ्या पानावर ‘जोडा’ होऊन बसते.

दारापासून आतपर्यंत

बटण दाबल्यावर माणूस एकदम वेगळ्या पत्त्यावर, वेगळ्या रंगरूपाच्या पानावर पोहोचतो. फसवणुकीच्या दुव्यांविषयी सावध असलेल्या माणसाने येथे थबकणे स्वाभाविक आहे. तेव्हा आधीच सांगावे की आता तुम्ही अमुक पत्त्यावर जात आहात, तुमचा पासवर्ड तेथेच राहील आणि आमच्याकडे येणार नाही. पुढे काय विचारले जाईल हेही सांगून टाकावे : आधी सर्व्हरचे नियम, मग वापरनाव, ईमेल आणि पासवर्ड, मग ईमेलमध्ये येणारा पुष्टीचा दुवा. वापरनावात लॅटिन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते. दर्शनी नाव मात्र देवनागरीत लिहिता येते आणि केव्हाही बदलता येते. ही सूचना आधी मिळाली नाही, तर स्वतःचे नाव मराठीत लिहिणाऱ्याला लाल अक्षरांतली चूकच पहिल्यांदा भेटते. मंजुरी लागणाऱ्या सर्व्हरवर अर्जाचे कारण विचारतात. तेथे दोन प्रामाणिक वाक्ये पुरतात, आणि उत्तर माणूस देत असल्याने वेळ लागू शकतो, हेही सांगावे.

खाते उघडल्यावर दिसणारी रिकामी भिंत ही सर्व्हरच्या हद्दीतली गोष्ट असली, तरी नोंदणी-संकेतस्थळाने तिची तयारी करून द्यावी. विषयवार आणि भाषावार फॉलो करण्याजोगी खाती आणि हॅशटॅग यांचे छोटे पान ठेवावे, संबंधितांची परवानगी घेऊनच.

पारख

सुधारणा झाली की नाही हे पाहण्यासाठी परक्या कंपनीचे माग काढणारे साधन बसवू नये; गोपनीयतेच्या नावाने बोलावलेल्या पाहुण्याशी ती प्रतारणा ठरेल. कोणत्या पानावरून किती जण पुढे सर्व्हरकडे गेले, एवढी गोळाबेरीज कुकीविना, म्हणजे ब्राउझरमध्ये ओळखखूण न ठेवता, मोजता येते. त्यापुढचे उत्तर माणसांजवळ बसूनच मिळते. मास्टोडॉन कधी न वापरलेल्या चार-पाच जणांना, त्यांच्याच फोनवर आणि त्यांच्याच नेटवर, एक काम द्यावे : खाते उघडा आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या अमुक व्यक्तीला फॉलो करा. दुसरा भाग वगळू नये, कारण दुसऱ्या सर्व्हरच्या पानावर ‘फॉलो’ दाबले की आपल्या सर्व्हरचा पत्ता विचारला जातो आणि पुष्कळजण तेथेच अडखळतात. मदत करू नये, फक्त कोठे थांबले ते टिपावे. जॉइनमास्टोडॉन.ऑर्गचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खुला असल्याने ही टिपणे थेट तेथे नोंदवता येतात. एका नोंदीत एकच अडचण, पडद्याचे चित्र आणि सुचवलेला नेमका मजकूर दिला, तर ती मार्गी लागण्याची शक्यता अधिक असते.