छोटा रीफ टँक: केएच कळला की निम्मं काम झालं

४० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यात कोरल आणि मासे ठेवायची काचेची टाकी) म्हणजे कमी पाणी, कमी काम, असं समजून बरेच जण सुरुवात करतात, मी पण तशीच केली होती, आणि मग हळूहळू कळतं की टँक जितका लहान तितकं पाणी झटकन बिघडतं. मोठ्या टँकमध्ये दगडामागे एखादा मासा मरून पडला तरी लवकर पत्ता लागत नाही, इथे दोन दिवसांत अमोनिया दिसायला लागतो. त्यामुळे सगळे आकडे परफेक्ट ठेवण्याच्या नादाला न लागता मोजकेच आकडे (त्यात मुख्य केएच, म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी) नीट धरून ठेवायचे आणि ते एकदम हलू द्यायचे नाहीत.

आधी एक बारीकसं काम करून घ्या. ४० लिटरच्या टँकमध्ये दगड आणि वाळू गेली की पाणी ३२ लिटरच्या आसपासच राहतं, आणि पुढे काहीही डोस करायचं तर हिशोब या खऱ्या पाण्यावर होतो. पहिल्यांदा भरताना बादलीने मोजून भरा आणि आकडा मागच्या काचेवर मार्करने लिहून टाका, सहा महिन्यांनी आठवणार नाही.

पाणी आरओ-डीआयचंच (आरओनंतर डीआय रेझिनमधूनही गेलेलं, क्षार काढलेलं) घ्या, विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य येणारं. नळाच्या पाण्यात फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट असू शकतं, कधी कधी तांबंही असतं, आणि तांबं गोगलगायी आणि कोळंबीला सरळ मारतं. पिण्याचं फिल्टरचं पाणी पण नको, बऱ्याच फिल्टरमध्ये चवीसाठी मिनरल परत मिसळलेले असतात. मीठ मिसळताना बादलीत आधी पाणी, मग थोडं थोडं मीठ, उलटं केलं तर दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि पाणी दुधाळ होतं ते होतंच. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा (खारटपणा मोजायचं साधन): ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), म्हणजे २५ डिग्रीला स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६. आणि तो रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून खूश होऊ नका, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन लिक्विड मिळतं त्यावर लावा, कारण आपल्याला खरा आकडा हवाय तो शून्यापाशी नाही, पस्तिसापाशी.

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. ३२ लिटरमधलं २ लिटर उडालं की ३५ चे ३७.३ होतात, आणि पंखा चालू असेल तर एवढं पाणी दोन-तीन दिवसांतही उडू शकतं. म्हणून पाण्याच्या पातळीवर काचेला चिकटपट्टीची रेघ मारा आणि रोज साधं आरओ-डीआय पाणी त्या रेघेपर्यंत भरा, मिठाचं नाही. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घेता आला तर सगळ्यात आधी तो घ्या, भारीतला लाइट नंतर.

सायकलबद्दल जास्त लिहीत नाही. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया जम बसवायला साधारण तीन ते सहा आठवडे घेतात, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टँकमध्ये काही टाकू नका. नंतर वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, बहुतेक वेळा येतो तसा जातोही, त्याच्यामागे औषधं घेऊन धावू नका.

आता केएच, म्हणजे अल्कलिनिटी. कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यातलं कार्बोनेट पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून येतं आणि केएच मुख्यतः तेच मोजतो. नैसर्गिक समुद्रात तो ७ डीकेएचच्या (केएचचं एकक) जवळ असतो, आपल्या टँकमध्ये ७ ते ९ मधला कुठलाही एक आकडा निवडा आणि तिथेच राहा. कायम ७.५ असलेला टँक छान चालतो, सोमवारी ७ आणि शुक्रवारी ९.५ असलेला नाही चालत, कोरलची टोकं पांढरी पडायला लागतात आणि आपण लाइटला दोष देत बसतो.

टेस्ट करताना घाई नको. किटच्या बाटलीत सांगितलं तेवढं टँकचं पाणी, त्यात इंडिकेटरचे थेंब, रंग निळसर होतो (किटप्रमाणे वेगळा असू शकतो), मग सिरिंजमधून एकेक थेंब टाकत बाटली फिरवत राहायचं. शेवटाकडे थेंब पडला तिथे पिवळसर चमक दिसते आणि फिरवल्यावर विरते, तिथून पुढे अगदी सावकाश, आणि रंग बदलून तसाच राहिला की थांबा. सिरिंज भरताना आत थोडी हवा राहते, तिने गोंधळून जाऊ नका, दरवेळी वाचायची पद्धत एकच ठेवा. वेळही एकच ठेवा.

मग आपला टँक किती केएच खातो ते काढा. तीन दिवस डोस नाही, पाणी बदलणं नाही, फक्त टॉप-अप. समजा सोमवारी ८.४ होता आणि गुरुवारी ७.८ आला, म्हणजे रोजचे ०.२. टँकमध्ये नुसते मशरूम, झुआंथिड, लेदर असे मऊ कोरल असतील तर हा आकडा जवळजवळ शून्य येईल, मग डोसिंगचं सामान आणायचंच नाही, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की पुरतं. हॅमर, टॉर्च वगैरे सांगाडावाले कोरल वाढायला लागले, गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ दगडांवर पसरलं की खप वाढतो, त्यामुळे हे दर महिन्याला परत मोजा.

भरपाईला शुद्ध बेकिंग सोडा चालतो, सोडा, बेकिंग पावडर नव्हे! लिटरमागे ३० मिलिग्रॅम टाकला की केएच १ ने वाढतो, म्हणजे आपल्या ३२ लिटरला १ ग्रॅमला १ असा सोयीचा हिशोब बसतो आणि रोजच्या ०.२ साठी ०.२ ग्रॅम. एवढं कमी वजन रोज करणं त्रासाचं, त्यापेक्षा १० ग्रॅम सोडा आरओ-डीआय पाण्यात विरघळवून एकूण ५०० मिली करा, त्यातले १० मिली म्हणजे ०.२ ग्रॅम. पंपाच्या प्रवाहात हळूहळू ओता. केएच खाली गेला असेल तरी एका दिवसात १ पेक्षा जास्त चढवू नका, मी अर्ध्यावरच थांबतो.

कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम (दहा लाखात इतके भाग). केएच १ ने उतरतो तेव्हा त्याबरोबर कॅल्शियम फक्त ७ पीपीएमच्या आसपास उतरतं, म्हणजे केएच ८ वरून ६ वर आला तरी कॅल्शियम ४२० चं ४०६ होतं, आणि एवढा फरक बहुतेक किटांना नीट कळतच नाही. म्हणून रोजचं लक्ष केएचवर, कॅल्शियम पंधरा दिवसांनी पाहिलं तरी चालतं. पण नुसता सोडा देत राहिलात तर कॅल्शियम हळूहळू घसरतंच, टू-पार्ट (केएच आणि कॅल्शियमची दोन वेगळी द्रावणं) वापरत असाल तर दोन्ही भाग सारखेच द्या आणि दोन्हींमध्ये थोडा वेळ सोडा. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा, ते खूप कमी असलं की बाकीचे दोन कितीही टाका, टिकत नाहीत.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: काही मिठांचं ताजं पाणी केएच ११-१२ चं निघतं. तुमचा टँक ७.५ वर असेल आणि एकदम अर्धं पाणी बदललं तर तुम्हीच धक्का दिलात. नवीन पिशवी उघडली की बादलीतल्या पाण्याची पण टेस्ट करा.

नायट्रेट-फॉस्फेटवर माझी फजिती झालीये. शेवाळ दिसलं म्हणून मी फॉस्फेट शोषणारी लोखंडाची जीएफओ मीडिया फिल्टरमध्ये भरपूर टाकली, मासेही उपाशी ठेवल्यासारखे ठेवले, आठवड्यात दोन्ही आकडे शून्य आणि मी जाम खूश. मग वाळूवर तपकिरी शेंबडासारखे तंतू आले, टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले, रात्री लाइट गेला की कमी व्हायचे आणि दुपारपर्यंत परत हजर. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. पाण्यात पोषण संपलं की इतर शेवाळ-बॅक्टेरिया मागे पडतात आणि यांना रान मोकळं मिळतं. मीडिया काढली, खाणं वाढवलं, थोडं नायट्रेट वरून दिलं, तरी टँक रुळावर यायला दोन महिने गेले. कोरलच्या पेशींमध्ये राहणाऱ्या शेवाळालाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतोच, शून्य पाण्यात कोरल फिकट पडतात ते त्यामुळे.

तर नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा आणि थोडं इकडेतिकडे झालं तर झोप उडवून घेऊ नका. दगडावर केसाळ शेवाळाचं जंगल आणि टेस्टमध्ये शून्य असं दिसलं तर पाणी स्वच्छ आहे असं नाही, शेवाळ आधीच खाऊन बसलंय, ते हाताने उपटून बाहेर काढा. मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवत असेल तर ३.०६६ ने गुणा, १० पीपीबी म्हणजे ०.०३ पीपीएम फॉस्फेट, हे न कळल्यामुळे लोक उगाच मीडिया ओततात.

आकडे वर असतील तर पाणी बदलण्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. नायट्रेट २० असताना १० टक्के पाणी बदललं की १८ होतं, बस, पाच आठवडे केलं तर १२ च्या आसपास, तेही मधे काही भर पडली नाही तर. त्यामुळे मुळात आत जातंय काय ते बघा, फिल्टरचा स्पंज तीन-चार दिवसांनी धुवा, माशांच्या फ्रोजन खाण्याचे क्यूब वितळवून गाळून घ्या. फॉस्फेटचं अजून एक म्हणजे ते दगडात मुरतं, पाण्यातलं कमी केलं की दगडातून परत बाहेर येतं, त्यामुळे मीडिया वापरायचीच तर चिमूटभर आणि बरेच दिवस.

पीएचच्या मागे अजिबात लागू नका. ७.८ ते ८.३ मध्ये असेल तर ठीक, बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून तो खाली येतो, खिडकी उघडा, पीएच वाढवणारी बाटली आणू नका.

आणि चार दिवस बाहेर जाणार असाल तर टॉप-अपची टाकी भरून जा, डोस नेहमीचाच ठेवा, आणि टँक बघायला येणाऱ्याला एकेका दिवसाचं खाणं छोट्या पुड्यांत बांधून द्या, बाकीचा डबा मात्र कपाटात लपवून ठेवा, कारण माशांनी काचेशी येऊन तोंड उघडलं की माणूस विरघळतो.