सेकंडहँड ब्रँडेड बॅग ऑनलाइन घेताय ना, मग पैसे टाकायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की बॅगेच्या आत नंबर आहे म्हणजे बॅग ओरिजनल. आपण जळगावचे लोक सोन्याच्या बाबतीत केवढे चोख, साधी अंगठी घेतली तरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्कचा नंबर बघतो, तो सहा अक्षरी कोड बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की हॉलमार्क कुठे झाला, दागिना कोणत्या सराफाचा, सगळं समोर येतं. बॅगेचं तसं काही नाही. लुई व्हिटॉन (एलव्ही) काय नि शनेल काय, नंबर टाका आणि खरं-खोटं बघा अशी गिऱ्हाइकासाठी सोयच नाही, आणि त्यांच्या दुकानात घेऊन गेलात तरी सेकंडहँड बॅग खरी आहे असं ते लिहून देत नाहीत. एका खऱ्या बॅगेचा नंबर हजार नकली बॅगांवर छापता येतो आणि छापतातच. म्हणून माझं म्हणणं असं की बॅग पारखायला शिका जरूर, पण त्याच्याआधी पैसे कसे द्यायचे आणि परत कसे मिळवायचे ते ठरवा, आपण नेमकं उलटं करतो.

आता विकणाऱ्याची भाषा. नकलीला कोणी नकली म्हणत नाही. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, मिरर क्वालिटी, सेव्हन-ए, टेन-ए, हे सगळे शब्द नकलीचेच, आणि हे बोलणारे लोक त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचे, कारण कॉपी आहे हे निदान सांगतात तरी. खरा त्रास त्यांचा जे म्हणतात "माझीच आहे, दोनदा वापरली, भावाने दुबईहून आणली होती, आता पैशांची अडचण आहे म्हणून देतेय". प्रोफाइलला लहान बाळाचा फोटो, बोलणं गोड, "ताई" "ताई" करून. अशा वेळी बॅगेबद्दल नाही, बिलाबद्दल विचारा. दुबईचं बिल असेल तर २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट आहे, बिलावर दुकानाचा १५ आकडी टीआरएन, म्हणजे टॅक्स नोंदणीचा नंबर आणि व्हॅट वेगळा दाखवलेला असायला हवा. भारतातलं बिल असेल तर १५ अक्षरी जीएसटी नंबर असतो, मुंबई-पुण्याचं दुकान म्हणजे सुरुवात २७ ने, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो, नाव भलत्याच कोणाचं निघालं की विषय संपला. शनेल तर हँडबॅग वेबसाइटवरून विकतच नाही, त्यामुळे शनेलच्या बॅगेची ऑनलाइन ऑर्डर दाखवली तर सरळ राम राम करा. आणि "एलव्हीच्या सेलमध्ये घेतली होती", "फॅक्टरी सरप्लस आहे" हे पण ऐकून घेऊ नका, एलव्ही सेल लावत नाही, डिस्काउंट देत नाही, माल स्वतःच्या दुकानांतूनच विकते. बिल बरोबर निघालं म्हणजे बॅग खरी असंही नाही बरं का, खऱ्या बॅगेची बिलं आणि डबे पण वेगळे विकले जातात. बिल चुकीचं निघालं तर मात्र पुढे बोलायची गरजच नाही.

किमतीचं थोडक्यात सांगते. एलव्ही आठ-नऊ हजारात सहसा मिळत नाही, जुनी असली तरी. कोच किंवा मायकल कोर्स मात्र सेकंडहँडमध्ये खरोखर कमी भावात मिळू शकते, कारण त्यांची आउटलेट दुकानं असतात आणि तिथे भरपूर सूट असते. आणि त्यांच्यावर मेड इन व्हिएतनाम, कंबोडिया, फिलिपिन्स असं दिसलं म्हणून नकली समजू नका, माल तिथेच बनतो. उलट इटलीचं नाव ठोकलेली स्वस्त मायकल कोर्स दिसली तर मला तरी जास्त शंका येईल.

आवडलीच बॅग तर फोटो मागा, पण विकणाऱ्याने आधी टाकलेले नाही, तुम्ही सांगाल ते. आधी जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो दुसऱ्या चार ठिकाणी वेगळ्या नावाने दिसला तर सोडून द्या. नंतर कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून बॅगेशेजारी ठेवलेला फोटो मागा, मग आतली चामड्याची पट्टी, छापलेलं नाव अगदी जवळून, चेनच्या रनरची मागची बाजू, हँडल जिथे शिवलंय तो कोपरा, बॅगेचे खालचे चारही कोपरे. व्हिडिओ कॉल करा आणि दिवसा उजेडी करा, रात्री ट्यूबलाइटखाली सगळंच चांगलं दिसतं. "नेट नाही", "नवरा घरी आहे", "मी पुण्याला आलेय, बॅग जळगावला आहे" असं सुरू झालं की समजून जा.

आता जवळून काय बघायचं ते एका बॅगेवरूनच सांगते. शेजारच्या वहिनींनी एलव्हीची स्पीडी नावाची बॅग घेतली होती, २०१५ ची आहे, फार वापरली नाही असं सांगून दिलेली. वहिनींचा जीव वर-खाली का, तर एका बाजूला एलव्ही अक्षरं सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटी. ते तर बरोबर होतं. स्पीडीचा कॅनव्हास खालून एकसंध फिरतो, तळाला जोड नसतो, त्यामुळे एका बाजूला डिझाइन उलटं येणारच. हे कॉपी बनवणाऱ्यांना पण पक्कं माहीत आहे. खोट होती दुसरीकडेच. हँडलचं चामडं ज्याला व्हॅशेटा म्हणतात, ते कच्चं असतं, हाताच्या घामाने आणि उन्हाने हळूहळू मधासारख्या रंगाचं होत जातं, आपल्या भुसावळचा एक उन्हाळा लागला तरी फरक दिसेल. वहिनींच्या बॅगेचं हँडल इतक्या वर्षांनी पण नव्या प्लास्टिकसारखं पांढुरकं, आणि कडेला लावलेला लाल रंग नखाने दाबला तर चिकट लागत होता. मग आतला कोड बघितला, एसपी ७११५. एलव्हीच्या २००७ नंतरच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा म्हणजे आठवडा, दुसरा आणि चौथा म्हणजे वर्ष. म्हणजे वर्ष २०१५, विकणारीने सांगितलं तसंच, पण आठवडा ७१ वा. वर्षात आठवडे असतात ५२, फार तर ५३. वहिनींनी दोनदा बोटावर मोजलं आणि मग त्या बाईला फोन लावला, तो अर्थातच बंद.

तर कोडचा उपयोग एवढाच, चुकीचा निघाला तर बॅग नकली, बरोबर निघाला तर काहीच सिद्ध होत नाही. मार्च २०२१ पासून एलव्हीने कोड छापणं बंद करून आत चिप टाकायला सुरुवात केली, त्यामुळे कोणी "मागच्या वर्षीच घेतली" म्हणून कोड दाखवत असेल तर ते पण जुळत नाही. शनेलने पण २०२१ मध्ये नंबरचं स्टिकर आणि कार्ड बंद करून धातूची छोटी पट्टी आणली. चिप आहे म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, नकली बॅगेत पण चिप टाकता येते. शनेलच्या लॉकवरचे दोन सी नीट बघा, वरच्या बाजूला उजवा सी डाव्याच्या वरून जातो आणि खालच्या बाजूला डावा उजव्याच्या वरून, स्वस्तातल्या कॉपीत हे उलटं किंवा दोन्हीकडे सारखंच असतं. वास, वजन, शिलाई वगैरे यूट्यूबवर सांगतात ते खरं आहे, पण ज्याने आयुष्यात खरी बॅग हातात घेतलेली नाही त्याला वासावरून काय कळणार भो.

बॅग महाग असेल तर पैसे घेऊन तपासून देणाऱ्या सेवा आहेत, काही नुसत्या फोटोवरून सांगतात, एन्ट्रुपीसारख्या सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या फोटोंवरून. लाखभराच्या व्यवहाराला ते पैसे खर्च करा, आणि रिपोर्ट लेखी घ्या, पुढे भांडायला कामाला येतो.

आता पैसे. यूपीआयने सगळी रक्कम आधी पाठवायची नाही, हा नियम बहिणीसाठी पण मोडायचा नाही. पिन टाकून गेलेले पैसे तुम्हाला परस्पर परत ओढता येत नाहीत. जिथे वस्तू हातात आल्यावर काही दिवस पैसे थांबवून ठेवतात आणि रिटर्न घेतात अशाच साइटवरून घ्या आणि क्रेडिट कार्डने भरा, कारण कार्डवाल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत मागता येतात. "साइटच्या बाहेर डायरेक्ट घे, दोन हजार कमी करते" हे आमिष असतं, बाहेर गेलात की साइट हात वर करते. आणि रिफंड देते म्हणून कोणी क्यूआर पाठवला तर स्कॅन करू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

समक्ष व्यवहार सगळ्यात चांगला. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, आपल्या खान्देशातल्या प्रत्येक घरातलं कोणीतरी तिथे नोकरीला आहेच, आतेबहीण असेल, दीर असेल, त्यांना मॉलमध्ये किंवा स्टेशनबाहेर बॅग बघायला सांगा, तिथून व्हिडिओ कॉल करा आणि मगच पैसे द्या. जे मला अजिबात पटत नाही ते म्हणजे ट्रॅव्हल्सचं पार्सल. "रात्रीच्या गाडीत टाकते, सकाळी अजिंठा चौफुलीवर घ्या" हे आपल्याकडे साड्या, औषधं, मोबाइल सगळ्यासाठी चालतं, पण बॅगेसाठी नको. पाठवणाऱ्याचं नाव नसतं, ट्रॅकिंग नसतं, पावती असली तरी तिच्यावर नुसतं "एक नग" लिहिलेलं. पुढे ती बाई म्हणाली की मी पाठवलेली ही बॅगच नाही, तर तुम्ही काय दाखवणार? पोस्टाने नाहीतर कुरिअरनेच मागवा. पार्सल आलं की बंद डब्यापासून व्हिडिओ सुरू करा, लेबल, पत्ता, चारही बाजू, मग फोडणं, मग बॅगेचा आतला नंबर, मधे कुठेही कट नको. शंका आली तर टॅग कापू नका, बॅग वापरू नका, डबा पण फेकू नका, रिटर्न करताना पॅकिंगचा पण असाच व्हिडिओ काढा, कारण बॅग बदलून पाठवली असा आरोप तुमच्यावर पण होतो.

फसलातच तर लाज बाळगून गप्प बसू नका. चॅट डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलची लिंक, यूपीआय आयडी, व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, जितका लवकर तितकी ते पैसे खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर पण करता येते आणि जिल्ह्याला सायबर पोलीस ठाणं आहेच. तिथे "वस्तू तर मिळाली ना तुम्हाला" असं कोणी म्हणू शकतं, म्हणून तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहा की ओरिजनल सांगून नकली दिली, आणि "ओरिजनल" शब्द असलेला चॅट वरती जोडा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे.

विकणारी दुकान किंवा नेहमी माल विकणारं पेज असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला कळवा आणि नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला चकरा नाहीत, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, २ वर्षांच्या आत करायची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. एखाद्या बाईने घरातली एकच बॅग विकली असेल तर मात्र हा रस्ता अवघड, २०२० चे ई-कॉमर्सचे नियम धंदा म्हणून न विकणाऱ्या साध्या माणसाला लागू होत नाहीत, तिथे पोलिसांकडेच जावं लागतं. म्हणून घेतानाच बघून ठेवा की त्या प्रोफाइलवर आधी किती बॅगा विकल्यात, त्या पानाचा पण स्क्रीनशॉट काढा.

आणि एक, चिडून तीच बॅग पुढे दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायचं मनात आणू नका. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ खाली गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख, आणि तेव्हा तक्रारीत विकणारी म्हणून नाव तुमचं असेल.