व्हेनिसमध्ये हॉटेल बुक करताय? आधी पूल मोजा

पासपोर्ट, व्हिसा, अडॅप्टर हे तुमचं तुम्ही बघा, त्यावर मी काही बोलत नाही. मला बोलायचंय ते पुलांबद्दल. मागच्या वेळी मी "स्टेशनपासून ९०० मीटर" एवढंच वाचून खुशाल बुकिंग केलं, आणि मग आई, तिचे गुडघे आणि २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन सात पूल पार केले. व्हेनिसमध्ये पूल म्हणजे पायऱ्या, वर आणि मग खाली. गावात गाड्याच नाहीत आणि चारशेच्या वर पूल आहेत, चाकं काय कामाची!

तर मॅप उघडा, झूम करा आणि स्टेशन किंवा वापोरेत्तोच्या (म्हणजे तिथली बोट-बस) थांब्यापासून दारापर्यंत वाटेत किती कालवे आडवे येतात ते बोटाने मोजा. अंतर बघू नका, पूल मोजा. पत्त्यावरूनही काही कळत नाही, कारण गावाचे सहा भाग आहेत आणि पत्ता म्हणजे भागाचं नाव आणि पुढे चार आकडी नंबर, कास्तेल्लो ५ हजार अमुक, बस. त्यामुळे मालकाला मेसेज करून सरळ विचारा, जवळचा थांबा कुठला आणि तिथून पूल किती. "जवळच आहे" असं उत्तर आलं तर परत विचारा.

आता भाग. सान मार्को महाग, गर्दीचा, आणि चौक गावातल्या सगळ्यात सखल भागात, हिवाळ्यात भरतीचं पाणी येतं. २०२० पासून भरतीचं पाणी अडवायला समुद्रातले दरवाजे लावतात पण ते मोठ्या भरतीलाच. कान्नारेज्जो मला आवडला, स्टेशनच्या बाजूचाच, लिस्ता दि स्पान्या या रस्त्यावर राहिलात तर गूल्ये पुलापर्यंत एकही पूल नाही. पण त्याच भागातलं घेट्टो नुओवो, जिथे १५१६ पासून ज्यूंना कोंडलं होतं, ते चारी बाजूंनी पाण्यात आहे, तिथे घेतलंत तर पूल आलाच. दोर्सोदुरो शांत, संध्याकाळी झात्तेरेला (पाण्याकाठचा फिरायचा रस्ता) बसायला मस्त. कास्तेल्लोचं पूर्वेचं टोक निवांत पण स्टेशनहून फार लांब, बोट घ्यावीच लागते. ज्युदेक्का बेट स्वस्त वाटेल, पण प्रत्येक वेळी बोट, आणि मी गेलो तेव्हा ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो होतं. मेस्त्रे, म्हणजे पलीकडचं जमिनीवरचं शहर? ट्रेनने दहा मिनिटं, पैसे वाचतात, पण रात्रीचं रिकामं व्हेनिस हातचं जातं, मी तरी राहणार नाही.

बाकी सिटी टॅक्स वेगळा, रोख ठेवा. काही दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी असते, मुक्कामाला असाल तर माफ, पण ऑनलाइन नोंद करावी लागते का बघून घ्या. निघायच्या दिवशी परत तेच पूल, ट्रेनआधी अर्धा तास जास्त धरा. आणि लिफ्ट आहे का तेही विचारा, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती.