ठाणे–पनवेल लोकलची माहितीपुस्तिका तपासायची कशी?

गेल्या महिन्यात भाचा चाळीस पानांची एक पुस्तिका घेऊन घरी आला. तो आणि त्याचे मित्र, सगळे रेल्वेवेडे. ठाण्याहून जाणाऱ्या लोकल मार्गांची माहिती त्यांनी गोळा केली होती: स्थानकं, अंतरं, इतिहास, कुठल्या फलाटावर उभं राहिलं की वळणावरची गाडी छान दिसते, सगळं. "मामा, छापायच्या आधी एकदा बघ ना." बघायला बसलो आणि तिसऱ्याच पानावर अडलो. ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकल मार्गावर, ठाण्यानंतर थेट ऐरोली लिहिलं होतं. दोन्हींच्या मध्ये दिघा गाव आहे, १२ जानेवारी २०२४ पासून. मुलांनी ज्या जुन्या माहितीवरून यादी उतरवली, ती तिच्या काळी बरोबरच होती.

लोकलच्या माहितीतल्या बहुतेक चुका अशाच निघतात. एके काळी खरं असलेलं वाक्य आज तसंच छापलं जातं. त्यामुळे तपासायला बसलात की प्रत्येक वाक्याला आधी विचारा: हे कधीचं?

आधी वाक्यं सुटी करा

एक वही घ्या. पुस्तिकेतला प्रत्येक दावा वेगळ्या ओळीत उतरवा. "तुर्भे हे जंक्शन असून २००४ पासून इथून वाशी आणि पनवेलला गाड्या जातात" हे वाचायला एक वाक्य आहे, पण त्यात चार दावे आहेत आणि चारही वेगवेगळ्या तऱ्हेने तपासावे लागतात. ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: डोळ्यांनी दिसेल असं, वेळापत्रकात सापडेल असं, जुन्या नोंदीत शोधावं लागेल असं. आमच्या वहीत पहिल्या प्रकारच्या ओळी सर्वांत जास्त निघाल्या. त्यासाठी तिकीट काढून निघायचं, एवढंच.

स्थानकांचा क्रम गाडीत बसून तपासा

नकाशावरून क्रम लिहू नका. ठाण्याहून दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथपर्यंत कुणी सहसा चुकत नाही. खरी गडबड तुर्भ्याच्या पुढे होते.

पुस्तिकेत लिहिलं होतं: तुर्भे, सानपाडा, जुईनगर, नेरूळ. नकाशात चारही नावं जवळजवळ दिसतात, त्यामुळे ओळ पटते. आम्ही एका मंगळवारी दुपारी पनवेल गाडीत बसलो. तुर्भे सुटल्यावर भाचा डाव्या दाराजवळच्या खिडकीत वही धरून उभा. गाडीने वळण घेतलं आणि पुढचा फलाट आला तो जुईनगरचा. "मामा, सानपाडा कुठे गेलं?" सानपाडा त्या वाटेवर येतच नाही. तुर्भ्यानंतर रूळ दोन बाजूंना फुटतात. वाशीकडे जाणारी गाडी सानपाड्याला लागते, नेरूळ-पनवेलकडे जाणारी थेट जुईनगरला. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ हा सलग क्रम हार्बर मार्गाचा, म्हणजे मुंबईहून वाशीमार्गे पनवेलला जाणाऱ्या वाटेचा आहे. मुलांनी दोन मार्ग एकाच ओळीत ओवले होते. असल्या पुस्तिकेवर भरवसा ठेवून कुणी सानपाड्याला उतरायचं म्हणून पनवेल गाडीत चढलं, तर थेट जुईनगरला पोहोचेल.

उरण मार्गावरही असाच त्रिकोण आहे. गाड्या नेरूळहूनही सुटतात आणि बेलापूरहूनही. नेरूळहून सुटलेली गाडी सीवूड्सला थांबते, बेलापूरहून सुटलेलीच्या वाटेत सीवूड्स येत नाही. म्हणून फाटा असेल तिथे दोन्ही शाखांवरून, जाताना आणि येताना, प्रवास केल्याशिवाय क्रमापुढे बरोबरची खूण करू नका. फलाट डावीकडे येतो की उजवीकडे, हेही दोन्ही दिशांनी बघा. परतीला ते बदलू शकतं, आणि पुस्तिकेत दिशाच लिहिलेली नसेल तर वाक्य निरुपयोगी आहे.

नावं पाटीवरून उतरवा

रबाळे की रबाले, नेरूळ की नेरुळ, असले वाद तोंडी मिटत नाहीत. फलाटाच्या टोकाची पाटी वाचा आणि तिच्यावर मराठीत आहे तसं लिहा. गावातले लोक वेगळा उच्चार करत असतील तर तो शेजारी जरूर नोंदवा, पण पाटीच्या जागी घालू नका. मुख्य मार्गाच्या, म्हणजे ठाणे-कल्याणकडच्या, इंडिकेटरवरची अक्षरंही पाहून घ्या. एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. एसचा अर्थ 'स्लो' असा लावलेला मी एकापेक्षा जास्त ठिकाणी वाचला आहे.

अंतर आणि वेळ

रुळांशेजारी ओव्हरहेड वायरचे खांब असतात. त्यांवर दोन आकडे असतात: एक किलोमीटरचा, दुसरा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा क्रमांक. दोन स्थानकांवरचे किलोमीटरचे आकडे वजा केले की अंतर ताडून पाहता येतं. फलाटावर उभं राहून ते वाचता येतात, रुळांत उतरायची गरज नाही आणि उतरूही नका.

प्रवासाच्या वेळा रविवारी तपासू नका. रविवारी मेगाब्लॉक असतो, गाड्या रद्द होतात, जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या जातात. आठवड्यातले तीन कामाचे दिवस निवडा आणि सुटण्यापासून पोहोचण्यापर्यंतची वेळ मोजा. तिन्ही आकडे वहीत ठेवा, सरासरीच फक्त ठेवू नका.

इतिहासात एकेक शब्द जपून

इथे जरा रेंगाळा, कारण ठाण्याचा अभिमान इथेच आहे आणि अभिमानात शब्द सैल होतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ३४ किलोमीटर, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. पुस्तिकेत होतं "भारतातली पहिली रेल्वे व्हीटीहून सुटली." यात दोन चुका आहेत. ती पहिली प्रवासी गाडी. मालवाहतुकीसाठी मद्रासजवळ १८३७ मध्येच रूळ टाकले गेले होते. आणि व्हीटीच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या, इमारतीचं काम सुरू झालं १८७८ मध्ये. १८५३ ची गाडी त्या इमारतीतून सुटणं शक्यच नाही.

विजेची पहिली गाडी ठाण्याला आली, हाही तसाच सैल समज. ३ फेब्रुवारी १९२५ ची पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, तीही हार्बर मार्गाने. ठाण्याला नाही.

जुनी वर्तमानपत्रं चाळताना 'ट्रान्स-हार्बर' या शब्दाशी सावध राहा. ठाणे–तुर्भे–वाशी लोकल सुरू झाली २००४ मध्ये. पण अटल सेतूचं, म्हणजे मुंबई ते नवी मुंबई समुद्रावरच्या रस्त्याच्या पुलाचं, मूळ नावही मुंबई ट्रान्स हार्बर लिंक, आणि त्याचं उद्घाटनही १२ जानेवारी २०२४ लाच झालं, दिघा गाव आणि उरणपर्यंतच्या मार्गाबरोबर. एका दिवसाच्या बातम्यांत तिन्ही गोष्टी सरमिसळ झालेल्या सापडतात.

'सुरू झाली' आणि 'धावते' ही क्रियापदंही वेगळी तपासा. ठाणे–पनवेल मार्गावर वातानुकूलित लोकल ३० जानेवारी २०२० ला सुरू झाली, हे कायमचं खरं आहे. ती आज धावते का, याचं उत्तर आजचं वेळापत्रकच देईल.

पारसिकचं पान

मला सर्वांत जड गेलं ते हे पान. मुलांनी मोठ्या मायेने लिहिलं होतं की जलद लोकल ठाण्याहून निघाली की पारसिकच्या बोगद्यात शिरते. मी शाळेत असल्यापासून त्या अंधारासाठी खिडकी पकडायचो. सव्वा किलोमीटरहून लांब, १९१६ पासूनचा बोगदा. पण २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने नव्या रुळांवर गेल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे राहिला. ते वाक्य आम्ही खोडलं नाही. क्रियापद बदललं, 'शिरते'चं 'शिरायची' केलं आणि पुढे साल लिहिलं.

दुरुस्ती कशी लिहायची

खाडाखोड करून मूळ वाक्य नाहीसं करू नका. त्यावर एक रेघ मारा, शेजारी नवं वाक्य, कशावरून ते, आणि तपासल्याची तारीख. उदाहरणार्थ: "तुर्भ्यानंतर जुईनगर. स्वतः प्रवास करून, मंगळवार, पनवेल गाडी." पुढच्या वर्षी दुसरं कुणी तपासायला बसेल तेव्हा त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.

आमच्या वहीत एकशे सत्तर ओळी झाल्या होत्या. अकरा ओळींपुढे अजून पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे, बहुतेक उरण मार्गाच्या. येत्या बुधवारी भाचा आणि मी नेरूळहून सकाळची गाडी धरणार आहोत, परतताना बेलापूरची.